बाळंतपणाला सोबतीण: गावात काम उभे करण्याचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

डूला हा शब्द आता मराठी लेखांतही दिसू लागला आहे, पण गावात तो कोणाच्या तोंडी बसत नाही. म्हणून या लेखात मी सोबतीण हाच शब्द वापरते. कळा सुरू झाल्यापासून बाळ अंगावर येईपर्यंत आणि त्यानंतरचे काही तास बाईजवळ अखंड थांबणारी, तिला पाणी पाजणारी, कंबर दाबून देणारी आणि तिचे म्हणणे नर्सबाईंच्या कानावर घालणारी, गावातलीच शिकवून तयार केलेली बाई म्हणजे सोबतीण. १७ देशांतील १५ हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार अशी सोबत मिळालेल्या बायकांची नैसर्गिक बाळंतपणे वाढतात, कळांचा काळ थोडा घटतो आणि सिझरचे प्रमाण कमी होते. उपयोगाबद्दल वाद उरलेला नाही. काम बिघडते ते क्रम चुकल्यामुळे.

बहुतेक बचतगट आणि ग्रामसंघ या कामाला कळांपासून सुरुवात करतात. प्रत्यक्षात सोबतीणीचे निम्म्याहून अधिक काम सातव्या महिन्यापासून नववा भरेपर्यंत होते, आणि त्याच्याही आधी दवाखान्याशी बोलणी करावी लागतात. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्यावेत.

टप्पा १: सोबतीण निवडणे

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एका बाईला थांबू देण्याच्या सूचना दिल्या. त्यांतल्या अटी निवडीच्या वेळी डोळ्यांसमोर ठेवाव्यात: सोबतची व्यक्ती नात्यातली स्त्री असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, पूर्ण वेळ थांबण्याची तयारी असावी, तिने उपचारांत ढवळाढवळ करू नये आणि लेबर रूममधल्या इतर बायकांकडे जाऊ नये. यातली ‘नात्यातली’ ही अट गावपातळीच्या सोबतीणीला आडवी येऊ शकते, त्यावरचा उपाय तिसऱ्या टप्प्यात दिला आहे.

निवडताना शिक्षणाला फार महत्त्व दिले जाते. दहावी झालेली चुणचुणीत मुलगी नोंदी छान ठेवते, पण रात्री दोन वाजता घरच्यांना न विचारता गाडीत बसू शकत नाही. त्यापेक्षा चाळिशीची, दोन लेकरांची आई असलेली, पोरे हाताखाली आलेली आणि घरात शब्दाला वजन असलेली बाई बघावी. भाषा तितकीच महत्त्वाची. आमच्या विदर्भात धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, झरी-जामणी आणि केळापूरकडे कोलामी बोलणारी सोबतीण नसेल, तर बाळंतीण आणि नर्सबाई यांच्यातले अर्धे बोलणे हवेतच विरते.

जुन्या सुईणीला घ्यावे का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. माझे मत घ्यावे असे आहे, पण तिला सर्वांत जास्त दिवस शिकवावे लागते. नवे शिकवणे सोपे असते. जुन्या हाताला थांबवणे अवघड. तीस वर्षे ज्या हाताने पोट चोळले तो हात कळ आली की आपोआप पोटाकडे जातो. आमच्या सरावात अशा एका आजींच्या दोन्ही हातांत आम्ही ओला रुमाल आणि पाण्याचा पेला देऊन ठेवत असू, तेव्हा कुठे ते हात थांबले.

एका वस्तीसाठी एकच सोबतीण नेमू नये. कापूस वेचणी, झाडीपट्टीतली धान कापणी, मोहफुलांचे आणि तेंदूपत्त्याचे दिवस यांत एकटी बाई हमखास शेतात किंवा जंगलात असते. किमान दोघी हव्यात.

> सावधान: आतून तपासणे, पोट दाबणे, औषध किंवा इंजेक्शन देणे, नाळ कापणे यांतले एकही काम सोबतीणीचे नाही. हे तिच्याकडून आणि तिच्या घरच्यांकडून आधीच वदवून घ्यावे, कारण पुढे दबाव घरच्यांकडूनच येतो.

टप्पा २: आधी कोणाकडे जायचे

यादी करायला सांगितली की रस्त्याकडेच्या, ओळखीच्या आणि बैठकीला येणाऱ्या बायकांची नावे आधी लिहिली जातात. ज्या बाईच्या घरी सासू, जाऊ, नणंद आणि दुचाकी आहे तिला सोबत मिळतेच. यादी उलट्या टोकाने करावी.

आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्या नोंदी समोर घेऊन पुढच्या बायकांवर पहिली खूण करावी: पावसाळ्यात तुटणाऱ्या वस्तीतल्या, मराठी न बोलणाऱ्या, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्या आणि बाळंतपणाला परतणाऱ्या, नवरा किंवा सासर सोडून राहणाऱ्या, कमी वयाच्या पहिलटकरणी, अपंग, आणि आधीचे मूल दगावलेल्या. दवाखान्यात जिच्यावर मागे कोणी खेकसले होते किंवा जातीवरून बोलले होते, तीही याच यादीत असावी, कारण पुढच्या खेपेला दवाखाना टाळण्याची शक्यता तिच्याच बाबतीत अधिक असते. आशाताईंच्या नोंदीत नसलेली बाई शोधायला गुरुवारच्या किंवा शुक्रवारच्या, जो असेल त्या आठवडी बाजारात दोन तास घालवावेत. तिथे ज्या बातम्या मिळतात त्या रजिस्टरमध्ये नसतात.

टप्पा ३: दवाखान्याशी बोलणी

हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो, आणि आम्हीही पहिल्या वर्षी तो अर्धवटच केला. एका ग्रामीण रुग्णालयात सकाळच्या सिस्टरांनी तोंडी ‘या की’ म्हटले होते. बाळंतीण पोचली ती संध्याकाळच्या पाळीत. त्या पाळीतल्या सिस्टरांना काहीच ठाऊक नव्हते. सोबतीण पिशवी मांडीवर घेऊन पाच तास दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली आणि आत ती एकोणीस वर्षांची पोर, मराठी नीट येत नसल्यामुळे, पाणीसुद्धा मागू शकली नाही. चूक सिस्टरांपेक्षा आमची अधिक होती.

म्हणून पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

1. वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्यावे. त्यात २०१६ च्या सूचनांचा आणि लेबर रूमच्या दर्जासाठी २०१७ पासून चालू असलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाचा उल्लेख करावा, कारण त्यातही सोबतीचा समावेश आहे. पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी.
2. सोबतीण नात्यातली नसेल, तर बाळंतिणीने स्वतः तिचे नाव सांगितल्याची चिठ्ठी माता-बाल संरक्षण कार्डाला जोडली जाईल, असे ठरवून घ्यावे. घरची बाई आणि सोबतीण अशा दोघी येणार असतील, तर आत कोण आणि बाहेर कोण हेही आधी ठरवावे.
3. तिन्ही पाळ्यांतल्या सिस्टरांना प्रत्यक्ष भेटावे. सोबतीणीने एकदा लेबर रूम आतून पाहून घ्यावी: संडास कुठे, पाणी कुठे, कपडे कुठे बदलायचे, चपला कुठे काढायच्या.
4. पडदा किंवा पार्टिशन नसेल, तर ते आधी करून घेण्याची मागणी रुग्ण कल्याण समितीकडे करावी. एका बाईची सोबतीण दुसरीला उघडी पाहत असेल, तर दवाखान्याचा नकार योग्यच ठरतो.

तपासणी: रात्रपाळीच्या सिस्टरांना सोबतीणीचे नाव आणि चेहरा ठाऊक आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर चौथ्या टप्प्याकडे जाऊ नये.

टप्पा ४: सातव्या महिन्यापासूनच्या तीन भेटी

पहिली भेट ओळखीची. या भेटीत सल्ला देऊ नये. मागचे बाळंतपण कसे झाले, कशाची भीती वाटते, कोण जवळ असावे आणि कोण मुळीच नसावे, एवढे ऐकून घ्यावे. सासूबाईंशी वेगळे बोलावे आणि तेही मानाने, कारण गाडी बोलवायची की नाही हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात. ‘काकू, तुमच्या वेळी कसं होतं जी?’ असे विचारून सुरू झालेली भेट ‘आता असं करायचं नसतं’ म्हणून सुरू झालेल्या भेटीपेक्षा नेहमी पुढे जाते.

दुसरी भेट कार्डाची. माता-बाल संरक्षण कार्ड उघडून रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची लस आणि सोनोग्राफी यांच्या नोंदी बघाव्यात. रकाने रिकामे असतील तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत होणाऱ्या मोफत तपासणीला तिच्यासोबत जावे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. अशा बाईचे बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच ठरवावे लागते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेतली जात असेल तर आशाताईंच्या कानावर घालावे. दोन्हींत काही तासांचे अंतर हवे.

विदर्भात सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, चौकशी वगळून ही भेट पूर्ण होत नाही. वाहक आणि रुग्ण यांत फरक आहे आणि गावात दोन्हींना ‘सिकलसेलवाली’ असेच म्हणतात, त्यामुळे तपासणीचा कागद स्वतः बघावा. रुग्ण असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच द्यायच्या असतात. कळांच्या काळात तिला पाणी कमी पडू देऊ नये आणि गारठ्यात ठेवू नये. छातीत किंवा सांध्यांत वेगळे दुखू लागल्यास तत्काळ सांगावे.

तिसरी भेट निघण्याच्या तयारीची, आणि हीच सर्वांत सविस्तर करावी. एका कागदावर मोठ्या अक्षरांत पुढील गोष्टी लिहून तो कागद घरात दिसेल असा लावावा: कोणत्या दवाखान्यात जायचे, तिथे अडचण आली तर पुढे कोणत्या, १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक, गाडी बाहेर असेल तर गावातली दुसरी गाडी कोणाची आणि तिचा चालक रात्री कुठे झोपतो, घरी राहिलेल्या लेकरांकडे आणि बैलांकडे कोण बघणार, रक्त द्यायला कोण येणार. एक ओळ बहुतेक जण विसरतात: मोबाइलला रेंज कुठे मिळते. एका गावात पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर रेंज येते आणि दुसरीवर येत नाही. अंधारात धावणाऱ्या माणसाला ती पायरी आधीच ठाऊक हवी.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि असे नाले अनेक तालुक्यांत आहेत. पावसाळ्यात तारीख असेल तर कळांची वाट पाहू नये. आदिवासी भागातल्या ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ आहे तिथे तारखेच्या काही दिवस आधीच जाऊन राहावे. अडचण बहुधा मागे राहिलेल्या लहान लेकराची असते. त्यालाही सोबत नेता येते, हे घरच्यांना सांगितले की निम्मी नकारघंटा थांबते.

पैशांबद्दल एकच गोष्ट पक्की सांगावी. २०११ पासून चालू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी हे सारे मोफत आहे. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी मिळाली तर ती फाडू नये, जपून ठेवावी.

> लक्षणे पाठ हवीत: रक्त जाणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, कळा नसताना पाणी जाणे, किंवा पाणी हिरवट असणे. यांपैकी एक दिसले तरी तारीख, वार, मुहूर्त न बघता निघावे.

टप्पा ५: कळा सुरू झाल्यावर घरी

खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, वाढत जातात आणि चालल्याने किंवा आडवे पडल्याने थांबत नाहीत. सोबतीणीने पोचताच घड्याळ बघून लिहायला लागावे: कळ कधी आली, किती वेळ राहिली. पाच-सहा कळांनंतर चित्र स्पष्ट होते. पहिलटकरणीला पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघावे, हा सर्वसाधारण हिशोब रस्त्यालगतच्या गावासाठी आहे. गाडी यायला एक तास आणि पोचायला दोन तास लागत असतील, किंवा बाईचे दुसरे-तिसरे बाळंतपण असेल, तर कळा नियमित झाल्या आहेत एवढे कळताच गाडीला फोन करावा.

येथे होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे ‘कळा वाढवायची सुई’. गावातल्या खासगी माणसाला बोलावून घरीच ती टोचून घेतली जाते. त्या औषधाने गर्भाशय सतत आवळले जाऊन बाळाचा प्राणवायू तुटू शकतो आणि गर्भाशय फाटूही शकते. सोबतीणीने या एका बाबतीत घरच्यांशी वाईटपणा घ्यावा.

निघताना: कार्ड, सोनोग्राफीचे कागद, आधार कार्ड आणि बँक पासबुक, सुती लुगड्याचे धुऊन उन्हात वाळवलेले तुकडे, बाळाची टोपी, पाण्याची बाटली, थोडा गूळ.

टप्पा ६: लेबर रूममध्ये

सोबतीणीची जागा डोक्याकडे. पायथ्याची बाजू सिस्टरांची. आत गेल्यावर पहिले वाक्य सिस्टरांशी असावे: स्वतःचे नाव, बाळंतिणीचे नाव, कळा कधीपासून आणि कार्डातली जोखमीची नोंद. त्यानंतर बोलणे बाळंतिणीशी.

कामे साधी आहेत आणि तीच पुन्हा पुन्हा करायची आहेत. डॉक्टरांनी मना केले नसेल तर तिला हिंडू द्यावे, उकिडवे किंवा रेलून बसू द्यावे. पडायचे झाल्यास डाव्या कुशीवर. दर दोन तासांनी लघवीला न्यावे, कारण भरलेली लघवीची पिशवी बाळाची वाट अडवते. घोट-घोट पाणी द्यावे. कळ चढू लागली की तळहाताचा मनगटाकडचा भाग कमरेच्या खालच्या हाडावर टेकवून, कोपर सरळ ठेवून, स्वतःच्या अंगाचा भार त्यावर द्यावा आणि कळ ओसरली की हात सैल सोडावा. चोळू नये, दाबावे. नव्या सोबतीणी बोटांनी दाबतात आणि अर्ध्या तासात थकतात.

‘जोर दे, जोर दे’ हा आरडाओरडा लेबर रूममधल्या अनेक चुकांचे मूळ आहे. गर्भपिशवीचे तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर लावल्यास बाई दमून जाते आणि त्या तोंडाला सूज येऊ शकते. सिस्टरांनी सांगेपर्यंत तिला तोंडाने फुंकर घातल्यासारखा श्वास सोडायला लावावा. ‘मी तर शेतातच बाळंत झाले होते’ हे वाक्य सोबतीणीच्या तोंडून कधीही निघू नये. त्यातून धीर मिळत नाही, लाज वाटते.

दोन प्रसंगी बोलावेच लागते. कोणी वरून पोट दाबू लागले, तर ‘सिस्टर, तिला त्रास होतोय, डॉक्टरांना विचारता का?’ असे शांतपणे म्हणावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत पोटावर दाब देण्यास स्पष्ट नकार आहे. कोणी शिवी दिली किंवा हात उगारला, तर भांडू नये. बाळंतिणीच्या चेहऱ्याशी वाकून तिच्याशी बोलत राहावे, वेळ लक्षात ठेवावी आणि तक्रार दुसऱ्या दिवशी लेखी, गटाच्या नावाने द्यावी. त्याच क्षणी भांडलेली सोबतीण बाहेर काढली जाते आणि बाळंतीण एकटी पडते.

पुढच्या रुग्णालयात रेफर केले तर सोबतीणीने गाडीतून सोबत जावे. ‘आपल्या दवाखान्यापुरते आपले काम’ असे समजून ती तालुक्याहून परत फिरते, आणि अनोळखी जिल्ह्याच्या गावात, कोणत्या खिडकीवर जायचे हे ठाऊक नसलेले कुटुंब एकटे उरते. चिठ्ठी, कार्ड आणि आत्तापर्यंत दिलेल्या इंजेक्शनांची नोंद हातात घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नये.

टप्पा ७: बाळ आल्यावरचा पहिला तास

बाळ येताच आईला एक इंजेक्शन दिले जाते. घरी जे टाळायला सांगितले तेच हे औषध असल्यामुळे घरच्यांचा गोंधळ उडतो. बाळ जन्मल्यावर दिले की ते रक्तस्राव रोखते, म्हणून ते घ्यायचेच असते.

बाळ रडत असेल आणि ठीक असेल, तर पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, वरून कापड आणि डोक्याला टोपी. पहिल्या तासात पाजायला घ्यावे. चीक पिळून फेकणे, मध किंवा जन्मघुटी चाटवणे हे थांबवायचे असेल तर बोलणी आठव्या-नवव्या महिन्यातच झालेली हवीत. या घाईत शिकवायला गेले तर कोणी ऐकत नाही.

तपासणी: वार (प्लॅसेंटा) पूर्ण पडली असे सिस्टरांनी सांगितले का? अर्ध्या तासात पडली नाही, पॅड भराभर भिजू लागले, किंवा बाई गार पडून घाम सुटला, तर जागेवरून न उठता मोठ्याने हाक मारावी. दर पंधरा मिनिटांनी पॅड बघावे. सगळे बाळाभोवती जमतात ती हीच वेळ असते आणि आईकडे लक्ष ठेवणारी एकटी सोबतीण असते.

टप्पा ८: घरी परतल्यावर

दवाखान्यात ४८ तास थांबवून घ्यावे. आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. सोबतीणीने त्यांपैकी पहिल्या दोन भेटींना सोबत जावे आणि नंतर अधूनमधून. नाळेला राख, तेल, हळद काही लावू नये. खाटेखालच्या शेगडीचा धूर बंद खोलीत साचू देऊ नये. बाळंतिणीला पोटभर जेवण मिळते का, हे विचारून कळत नाही, जेवणाच्या वेळी जाऊन बसले की कळते. दोन आठवडे उलटूनही ती बाळाकडे बघत नसेल, झोपत नसेल किंवा सारखी रडत असेल, तर ‘बाहेरचे’ म्हणून सोडू नये, नर्सबाईंना सांगावे.

बाळ दगावले असेल तर बहुतेक सोबतीणी तोंड लपवतात आणि भेटी बंद करतात. भेटी तेव्हाही त्याच दिवशी व्हायला हव्यात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला पान्हा फुटतो, आणि त्याबद्दल तिच्याशी कोणी बोललेले नसते. सैल नसलेली, घट्ट बसणारी चोळी घालायला द्यावी, दूध पिळून काढत राहू नये असे सांगावे, थंड ओले कापड ठेवावे, गाठ किंवा ताप आल्यास दवाखान्यात न्यावे. बाळाला तिने पाहिले होते का, हे ती सांगेल तेव्हा ऐकावे. आपण होऊन विचारू नये.